पावणेअकराचं ऊन

सोसायटीच्या बागेचे काका तुम्हाला माहीत आहेतच, ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आंब्याखाली गुलाब लावणारे ते हेच. जून लागला की नर्सरीतून ‘ग्लॅडिएटर’ची कलमं आणतात, बुंध्यापासून दोन हातांवर खड्डे घेतात, शेणखत घालतात आणि कोणी शंका काढलीच तर मनगटावरचं घड्याळ पुढे करतात, ‘‘ऊन येतं हो इथे. पावणेअकराला!’’ येतं, हे खरं आहे. बशीएवढा एक कवडसा फांद्यांच्या फटीतून उतरतो, पहिल्या गुलाबाच्या दोन पानांवर जरा टेकतो आणि सरकत सरकत वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसतो. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. या हिशेबाने त्या आवारात फुललाच तर वॉचमन फुलेल.

काकांना झाडांतलं कळत नाही असं मात्र समजू नका. मावा, निंबोळी पेंड, छाटणी, सगळं तोंडपाठ. सावली हा जमिनीला जडलेला आजार आहे, एवढाच त्यांचा हट्ट. ऑगस्टपर्यंत गुलाबाच्या काड्या उजेडाकडे वाकून लुकड्या होतात, पानं गळतात, आणि मग निदान होतं की माती कमी पडली. बुंध्याशी लाल मातीची रास येऊन पडते. आता आंब्याचीही पंचाईत. झाडाची अन्नपाणी ओढणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. वर ढीग रचला की ती गुदमरतात. शिवाय त्याच थरातलं पाणी आंबा आधी पितो, गुलाबाला उरलंसुरलं. पुढच्या वर्षी गुलाबाऐवजी लॉन येतं. शेतात नको तिथे माजणारी हरळीसुद्धा दाट सावलीत विरळ होत जाते, तिथे लॉनची काय कथा! पण काका घड्याळ दाखवतात. पावणेअकरा.

‘सावलीत फुलं कुठली?’ हा त्यांचा आक्षेप अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. नेचे, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा यांची सगळी शोभा पानांची. तरी हलक्या सावलीत ओल टिकली तर सोनटक्का पावसाळ्यात फुलतो, आणि भुईचाफा तर उन्हाळ्यात पानं येण्याआधीच जमिनीतून थेट फूल वर काढतो. ‘मग फांद्या छाटू’ हा दुसरा तोडगा. त्याला 1975चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आडवा येतो. महापालिकेकडे अर्ज केल्याशिवाय कुऱ्हाड उचलता येत नाही. गंमत अशी की यांतल्या बऱ्याच काकांचं गाव कोकणात असतं. तिथल्या वाडीत मिरी सुपारीवर चढलेली, जायफळ नारळाच्या आडोशाला, पायाशी हळद आणि अळू. गोव्याच्या कुळागरातही तेच. तिथे सावलीशी कोणी भांडत नाही, उलट मिरी-जायफळाला ती हवीच असते. पण शहरात फ्लॅट घेतला की अळू मोरीच्या पाण्यावरचं होतं आणि बाग म्हणजे बिल्डरच्या माहितीपत्रकातला गुलाब.

आता नाइलाजाने एक कबूल करायला हवं. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले की भाजी धुतलेलं पाणी बादलीतून आणून त्या वाफ्यात ओतणारे एकटे काकाच असतात. आणि वार्षिक सभेत ‘आंब्याभोवती पेव्हर ब्लॉक टाकले तर चार गाड्या मावतील’ असा विषय निघतो, तेव्हा विरोधाला उभे राहणारेही तेच. बाकीचे चहाकडे बघत असतात. नेमका तिथे त्यांचा गुलाब त्यांना दगा देतो. कारण पार्किंगवाल्यांकडे पुरावा एकच असतो, ‘तिथे काही उगवत नाही, त्या काड्या बघा’, आणि तो पुरावा दरवर्षी पदरचे पैसे मोडून काकाच पुरवतात. त्याऐवजी जूनमध्ये मुळं न दुखवता, खुरप्याने उकरून हळदीचे कंद लावले असते, कडेने अळू सोडलं असतं, तर सप्टेंबरच्या सभेत पार्किंगवाल्यांना कमरेएवढी हिरवी हळद उपटण्याचा ठराव मांडावा लागला असता. आणि गणपतीच्या पातोळ्यांसाठी तिथूनच पानं खुडून नेणाऱ्या बायकांनी तो हाणून पाडला असता.