नवशिक्यांसाठी ‘फास्ट’

साहित्य: एक पास, एक डबा, आणि पाठीवरून पोटावर घेतलेली बॅग.

सकाळी आठला मुंबई लोकलच्या दिवा स्टेशनात या आणि इंडिकेटरवरचा ‘एफ’ वाचा. एफ म्हणजे फास्ट, फास्ट म्हणजे जलद. हा अर्थ दिवेकरांना उशिरा मिळाला. २ जानेवारी २०१५ ला लोकलच्या खोळंब्यावरून इथे रेलरोको झाला, जाळपोळही झाली. तरी फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागल्या त्या डिसेंबर २०१६ मध्ये. तोवर हा शब्द आमच्यासमोरून धुरळा उडवत जायचा.

आता चढा. कसं, ते विचारू नका, मागचे चढवतात. ‘आत सरका, आत जागा आहे’ असं ओरडणारा अजून फलाटावरच असतो. चढलात? हलून बघा. हलता येत नाही? शाब्बास, मूळ अर्थ कळला. जुन्या इंग्रजीत हा शब्द घट्ट, पक्क्या, जागच्या न हलणाऱ्या वस्तूसाठी होता. ‘फास्ट कलर’ म्हणूनच धुण्यात जात नाही.

मग घट्टाचं भरधाव कसं झालं? डिक्शनरी राहू द्या, मराठी पुरे. आधी ‘जोरात धर’ म्हणा, मग ‘जोरात पळ’ म्हणा. मुठीतला जोर पायांत उतरला की त्याचा वेग होतो. इंग्रजांचंही तेच झालं: नेटाने पळता पळता नेट मागे पडला, पळणं उरलं.

एव्हाना भूक लागली असेल. उपवासही फास्टच, कारण त्यात नियम घट्ट धरायचा असतो. तो मोडणं म्हणजे ब्रेकफास्ट, जो तुम्ही गाडीपायी घरी टाकून आलात. म्हणजे फास्टसाठी फास्ट घडला. आपला ‘उपवास’ मात्र जवळ राहण्यातून आला: उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. राहायचं देवाजवळ, असा हेतू. इथे आपण शेजाऱ्याच्या काखेजवळ राहतो. वासाचा दुसरा अर्थ फक्त दारातल्यांना चुकतो.

कडीला लोंबकळून उभ्या उभ्या झोपलेल्या त्या काकांकडेही बघून घ्या. ‘फास्ट अस्लीप’ म्हणतात ते हेच. झोप घट्ट, मूठ त्याहून घट्ट.

संध्याकाळचा सराव: दादरला नुसता एफ बघून चढू नका. ‘दिवा घेते का?’ हे आधी विचारा. काही फास्ट दिव्यालाही फास्टच जातात. मग डोंबिवलीला उतरा आणि उलटी स्लो धरा.