विसण

मनुष्य प्रवासाला कशासाठी जातो, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रकारांनी पुण्यसंचय असे दिले आहे, वैद्यांनी हवापालट असे दिले आहे आणि प्रवासी कंपन्यांनी ते रंगीत पत्रकांतून निरनिराळ्या दरांनी दिले आहे, परंतु मराठी कुटुंबातील एखाद्या प्रौढ गृहस्थाबरोबर घराबाहेर मुक्काम करण्याचा योग ज्याला आला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की, समोर हिमालय असो की कन्याकुमारी, सामान खाली ठेवताच त्या गृहस्थाच्या मुखातून बाहेर पडणारा पहिला उद्गार सृष्टिसौंदर्याविषयी नसून "आंघोळीच्या पाण्याची काय व्यवस्था?" हाच असतो.

आमचे काका या परंपरेचे मुकुटमणी होत. जबलपुरातील एका सरकारी कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर उभी हयात काढल्यामुळे सृष्टीतील यच्चयावत वस्तूंचे वर्गीकरण करून त्यांवर शेरा मारल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नाही, आणि त्यासाठी एक रोजनामा ते निवृत्तीनंतरही नियमाने लिहितात. त्यांच्या मते पाणी तीन वर्गांचे असते : कढत, गार आणि योग्य. पैकी पहिले दोन वर्ग निसर्गात आढळतात. तिसरा मात्र मनुष्याला बुद्धिबळाने सिद्ध करावा लागतो आणि त्या सिद्धीचे साधन म्हणजे विसण. वाड्यातला तांब्याचा बंब मोडीत गेला, घंगाळात तुळस लावली गेली, न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर विराजमान झाला, तरी पाटावर बसून बादलीत बोट बुडवायचे, ते झटक्याने वर काढायचे आणि "अगं, विसण!" अशी आरोळी ठोकायची, हा काकांचा प्रातर्विधी अबाधित राहिला, आणि त्या आरोळीसरशी हातातले काम टाकून गार पाण्याचा तांब्या आणून देणे हा काकूंचा प्रातर्विधीही, अर्थातच, तितकाच अबाधित राहिला.

अशा माणसाला जबलपूरच्या वेशीबाहेर काढणे हे सामान्य काम नव्हे. एक तर धबधबा या विषयात जबलपूरकराला कोणी काही दाखवावे, हीच त्याला अधिक्षेपाची गोष्ट वाटते. भेडाघाटास नर्मदामाई संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या वाटेत शिरण्यापूर्वी ज्या आवेशाने धुआंधारवरून खाली झेपावते, तो आवेश लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला इतर ठिकाणचे प्रपात म्हणजे गळक्या पन्हळी वाटाव्यात, हे स्वाभाविकच आहे. परंतु भूगर्भशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने एके दिवशी सहज सांगितले की, सातपुड्याच्या राष्ट्रीय उद्यानात पचमढीला शीतल जलाचे प्रपात आहेत आणि त्याच डोंगररांगेत, थोड्या अंतरावर, अनहोनी नावाच्या ठिकाणी कढत पाण्याचे झरे आहेत. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "म्हणजे ऊन आणि गार, दोन्ही? सरकारी?" एवढे दोनच प्रश्न त्यांनी केले, आणि प्रवासाला मंजुरी मिळाली.

महाशिवरात्र जवळ आली होती. पहाटेचा गारठा अद्याप सरला नव्हता. जबलपूरहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग हा, १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे प्रथम रुळांनी जोडली गेली तेव्हाचा, पुराणा आणि अनुभवी मार्ग असून, त्यावर करेलीचा गूळ आणि गाडरवाड्याची तूरडाळ यांची खरेदी न करता पिपरियास उतरणारे मराठी कुटुंब अद्याप जन्मास यावयाचे आहे. पचमढीचा घाट चढू लागताच काकांना पितृस्मरण झाले. १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच अमलाखाली नांदत होती, आणि गोऱ्या साहेबाच्या अमदानीत उन्हाळा लागला की नागपूरचे सरकार पचमढीच्या थंड हवेत येऊन कारभार करी. त्या काळी काकांचे वडील कारकून म्हणून दफ्तराच्या पेट्यांबरोबर हा घाट चढत. राज्यकारभार सोयिस्कर तपमानातच करावा, हे तत्त्व इंग्रजाला पटले होते; फक्त त्याने ते हवेला लावले, पाण्याला लावले नाही, एवढीच काय ती काकांची इंग्रजी राज्याविरुद्ध तक्रार.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२४ चौरस किलोमीटर, आणि त्यातील धूपगड हे १३५० मीटर उंचीचे शिखर म्हणजे मध्यप्रदेशाचा माथा. तेथे सूर्यास्त पाहण्यासाठी माणसांची दाटी होते. मंडळी स्तब्ध होऊन तो तांबडा गोळा दरीत उतरताना पाहत असतात. काकांनीही तो पाहिला, आणि "एवढी उष्णता, आणि उपयोग शून्य!" असा शेरा रोजनाम्यात नोंदवला.

उद्यानात शिरण्यासाठी परवाना लागतो, आणि परवान्याचा अर्ज हे काकांच्या लेखी साक्षात मंगलाचरण असल्यामुळे त्यांचा तो सकाळचा वेळ परमानंदात गेला. हे परवान्याचे कार्य जेथे चालते, तो बायसन लॉज नावाचा बंगला कॅप्टन फोर्सिथ याने १८६२ साली बांधलेला. या लष्करी गृहस्थाने सातपुड्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला आणि पचमढीचा शोध लावल्याचे श्रेय लोकांनी त्याच्या पदरात टाकले. जेथे गोंड आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि जेथील महादेवाच्या दर्शनाला वऱ्हाडनागपुराकडचे यात्रेकरू पायी येत होते, ते स्थळ इतकी माणसे हजर असताना हरवले कसे होते आणि सापडले कसे, याचा खुलासा मात्र कोणत्याच पाटीवर आढळला नाही.

काकांनी लागलीच आप्पासाहेब भोसल्यांचे प्रकरण काढले. नागपूरच्या या राजास इंग्रजांनी पदच्युत करून १८१८च्या मे महिन्यात प्रयागकडे रवाना केले असता, वाटेत पहारेकऱ्यांना फितवून आणि शिपायाचा वेष चढवून तो निसटला आणि थेट या महादेव डोंगरात गोंड सरदाराच्या आश्रयाला येऊन राहिला. पुढे असीरगड, मग लाहोर, आणि अखेर जोधपूर येथे १८४० साली त्याचा अंत झाला. "महादेव डोंगरात विनापरवाना मुक्काम करणारा सर्वांत प्रतिष्ठित मराठी माणूस!" काका म्हणाले, आणि क्षणभर थांबून, गादी गेल्यापेक्षाही अधिक करुण स्वरात, "बंब बरोबर घेता आला नसेल हो!"

मुख्य प्रयोग अर्थात धबधब्याखाली व्हावयाचा होता. पचमढीचा बी फॉल, ज्यास कागदोपत्री जमुना प्रपात म्हणतात, त्याच्या पायथ्याशी जाण्यास पायऱ्यांची एक लांबलचक माळ उतरावी लागते. येथला वालुकाश्म पावसाचे पाणी पोटात साठवून मग वर्षभर पुरवून पुरवून सोडतो, असे धाकट्याने सांगितले. गावाला पाणीपुरवठाही याच ओढ्यातून होतो हे ऐकून काका संतुष्ट झाले. परंतु पंचा नेसून त्यांनी उजव्या पायाचा अंगठा त्या प्रवाहात घातला मात्र, आणि त्यांच्या चेहऱ्यावरील सर्व संतोष पायऱ्या चढून वर निघून गेला.

तेथे चौरागडाला निघालेली वैदर्भीय यात्रेकरूंची एक दिंडी स्नान करीत होती. महाशिवरात्रीला चौरागडच्या शिखरावर महादेवाला त्रिशूळ वाहण्याची प्रथा आहे. नवस जितका मोठा तितका त्रिशूळ जड, आणि हजाराहून अधिक पायऱ्या तो खांद्यावर घेऊन चढावयाचा. असे वजनदार त्रिशूळ खडकाला टेकवून ती मंडळी "हर बोला हर हर महादेव" करीत त्या हिमशीतल धारेखाली खुशाल उभी होती. त्यांच्यातील एका आजीबाईंनी काकांच्या अंगठ्याची ये-जा काही वेळ कौतुकाने न्याहाळली आणि विचारले, "काहून थांबले बाप्पा? देवाच्या पान्यातबी इसन पायजे का?"

काका न्हाले नाहीत. वर येऊन त्यांनी पडशीतून नकाशा काढला आणि सृष्टिकर्त्याच्या कारभाराचा पंचनामा मांडला. त्यातील मुद्दे सविस्तर असले तरी सारांश असा : सदरहू डोंगरात गार पाण्याचा नळ ज्या ठिकाणी बसवण्यात आला आहे, तो जिल्हा नर्मदापुरम, पूर्वीचे होशंगाबाद, आणि ऊन पाण्याचा नळ जेथे बसवला आहे ते अनहोनी पडते छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे पर्यायाने जबलपूर संभागात. दोन नळ दोन संभागांत! दोन कमिशनरांच्या हद्दी! एका बादलीत दोन्ही पाणी पडायचे तर संभागासंभागांत पत्रव्यवहार होणार, आणि तो तडीस जाईपर्यंत ऊन पाणी ऊन राहणार नाही, हे छत्तीस टेबलांवरून फायली फिरवलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको होते.

मटकुलीपर्यंत घाट उतरून आम्ही तामियाच्या रस्त्याला लागलो आणि झिरप्याच्या बाजूने अनहोनीस पोहोचलो. हवेत गंधकाचा उग्र वास होता, पाण्यावर वाफ होती आणि तळातून बुडबुडे वर येत होते. त्वचारोग बरे व्हावेत म्हणून येणाऱ्यांची तेथे वर्दळ असते. येथे ज्वालामुखी कोठे आहे, अशी काकूंनी धास्तीने पृच्छा केली, तेव्हा धाकट्याने व्याख्यान दिले : ज्वालामुखीचा येथे काही एक संबंध नाही; नर्मदेच्या खोऱ्यात भूकवचाला खोल भेगा आहेत, पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते, पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला पंचवीसतीस अंशांनी वाढत जाणाऱ्या उष्णतेने ते तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. "लाकूड नाही, वीज नाही, बिल नाही," काका हात जोडून म्हणाले. ईश्वराविषयी त्यांचे मत त्या क्षणी पुष्कळच सुधारले.

मग त्यांनी रीतसर बोट बुडवले, झटक्याने वर काढले, आणि त्या रानात आरोळी घुमली : "अगं, विसण!"

उत्तर आले नाही. काकू तेथे नव्हत्या. झऱ्याचे पाणी पुढे ओहोळ होऊन वाहत जात होते, आणि त्या ओहोळाच्या काठाने त्या केव्हाच चालत्या झाल्या होत्या. काही अंतरावर गावातल्या बायका आपापल्या जागी बसून धुणी धूत होत्या. त्यांपैकी कोणी तांब्या आणला नव्हता आणि कोणी आरोळी ठोकली नव्हती. कढत पाहिजे ती झऱ्याजवळ बसली होती, कोमट पाहिजे ती चार पावले पुढे, आणि लेकराला न्हाऊ घालणारी त्याहूनही खाली. वाहता वाहता पाणी आपोआप निवत होते. काकूंनी मध्येच एका दगडावर बसून पाय पाण्यात सोडले होते, आणि आयुष्यात प्रथमच कोणाला काही आणून न देता अगदी योग्य पाण्यात बसल्याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर इतका स्पष्ट दिसत होता की, पंचा सावरीत आलेले काका काही न बोलता त्याच दगडापाशी थांबले, आणि तेथे त्यांनी यथासांग स्नान केले.

त्या रात्री रोजनाम्यात शेरा पडला : "अनहोनी येथे विसण उपलब्ध. मात्र ते आणून मिळत नाही. त्याच्याकडे स्वतः चालत जावे लागते. तक्रार निकाली." खाली तारीख आणि सही.

जबलपुरास परतल्यावर पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून सवयीने आरोळी आली. काकूंनी तांब्या आणला नाही. त्यांनी रोजनामा आणला, दाराच्या फटीतून आत धरला आणि सहीवर बोट ठेवले. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्याच सहीने निरुत्तर केले असल्यामुळे सहीचे सामर्थ्य ते जाणतात. हल्ली गार पाण्याचा नळ ते स्वतः उठून सोडतात, आणि निवृत्तीनंतर हे जादा काम आपल्याकडे बिनभत्त्याने आले असल्याची नोंद रोज सकाळी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात करतात.