खाचवाले आबा

आबा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडं बघत नाहीत. उंबऱ्यात थांबतात, दाराच्या चौकटीवरून अंगठा खालून वर नेतात आणि मग अंगठ्याकडं बघतात. चौकटीचा ऑइलपेंट भिंतीवर गेलेला असला किंवा भिंतीचा रंग चौकटीवर आलेला असला, तर चहा अर्धाच पितात. सोयरिकीच्या बोलणीला त्यांना न्यायचं नाही, असं भावकीत ठरून गेलंय. एकदा नेलं होतं. मुलगी पसंत, मुलगा पसंत, मानपानाचंही मिटलेलं. निघताना आबा एवढंच म्हणाले, "माणसं चांगली हायेत. पर ह्या घरात कुणी कड सांभाळीत न्हाई." दोन वर्षं त्या घराचा निरोप आला नाही.

आबा म्हणजे माझे चुलतसासरे. गाव अंतरवाली सराटी. माझं लग्न झालं तेव्हा पत्ता फोड करून सांगावा लागायचा: जालना जिल्हा, अंबड तालुका, धुळे-सोलापूर रस्त्यावर वडीगोद्रीला उतरा आणि विचारत या. 29 ऑगस्ट 2023 ला गावात मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि पत्ता सांगायची गरजच संपली. त्या दिवसांत टीव्हीवर गाव दिसायचं तेव्हा आम्ही सगळे ओळखीची माणसं शोधत होतो. आबा त्यांच्या मागची भिंत बघत होते. 14 ऑक्टोबरच्या सभेला तर गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आबांच्या ओसरीवर येईल त्याला पाणी होतं, भाकरी होती, आडवं व्हायला सतरंजी होती. पाहुणे पांगल्यावर आबांनी भिंत तपासली आणि समाधानानं मान हलवली. डोक्यांचे तेलकट डाग सगळेच्या सगळे पट्ट्याच्या आत होते.

हा पट्टा म्हणजे आबांच्या तत्त्वज्ञानाचा पाया. मांडी घालून टेकून बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीला अडीच-पावणेतीन फुटांवर लागतं. म्हणून खालचा ऑइलपेंट साडेतीन फुटांपर्यंत. वरचा पाऊण फूट कशाला, असं मी विचारलं. "फेटेवाले येतेत की," आबा म्हणाले.

त्यांच्या मते घरातली सगळी नक्षी काम वाचवण्यातून निघालेली आहे. जुन्या माळवदाच्या घरात भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या आणि तळाला वीतभर गेरूचा पट्टा ओढायचा. आपल्याला ती कला वाटते. आबा म्हणतात, शेणानं जमीन सारवताना बाईच्या हाताचा फटकारा भिंतीला लागतो, तो गेरूत दिसत नाही, एवढंच. मीही थोडं वाचलेलं असल्यानं सांगितलं, की इंग्रजांच्या घरात खुर्चीची पाठ घासू नये म्हणून भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी पट्टी मारायचे आणि तळाला दुसरी, फरशी पुसताना भिंत खराब होऊ नये म्हणून. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी तिकडं बी सारवतेतच," असा निकाल दिला.

भिंत रंगवायला अक्कल लागत नाही, रोलर पोरगंही फिरवतं. दिवस जातो तो दोन रंग भेटतात त्या ठिकाणी. श्वास रोखून ब्रशची कड ओढायची, हात हलला की फडक्यानं पुसायचं, पुसताना दुसरा रंग निघतो, की पुन्हा तिकडून सुरुवात. यावर आबांचा उपाय शेतकऱ्याचा आहे. "दोन रंगांच्या मधी बांध पायजे. दोघा भावांच्या रानात बांध नसला तर काय व्हतं, ते तालुक्याच्या कोर्टात जाऊन बघा." बांध म्हणजे खाच. चौकट आणि गिलावा जिथं भेटतात तिथं पाव इंचाची सरळ खाच ठेवायची. ब्रश तिच्यापाशी येऊन आपोआप थांबतो. हात थोडा हललाच तर चूक खाचेच्या अंधारात पडते, कुणाला दिसत नाही.

नक्षीदार पट्टीवर मात्र त्यांचा राग आहे. पुतण्यानं संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये छताच्या कडेनं पीओपीच्या वेली काढून घेतल्या. आबा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. प्रत्येक पाकळीत बारका ब्रश घालायचा, वर्षानं तिथंच धूळ बसायची, ती काढायला शिडी. "एवढी फुलं कपाशीला लागली असती तर," म्हणाले आणि जेवायला बसले. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टूही त्यांना कधी आवडला नाही. "पोरगं गुणी दिसतंय. पर डबा गळतोय आन् खाली पोतं अंथरलेलं न्हाई." कंपनीनं पुढं गट्टूला रजा दिली, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

पोळ्याला हाच माणूस बैलाच्या शिंगाला दोरा गुंडाळून रंगाची हद्द आखतो. बैल बिचारा सोसतो. शिंगाच्या टोकाची पितळी शेंबी ही आबांच्या लेखी जगातली सर्वोत्तम पट्टी: रंग तिच्यापाशी संपतो, वाद उरत नाही.

असे आबा गावोगाव एकेक असतात. कुणाचा जीव नळाच्या उतारात अडकलेला, कुणाचा दाराच्या कडीत. पण आमच्या आबांना आपलं म्हणणं विटा-सिमेंटात उतरवायची संधी मिळाली. पाचेक वर्षांपूर्वी नवं घर बांधलं. मिस्त्रीच्या मागं उभं राहून त्यांनी ओल्या गिलाव्यात पट्टी दाबून खाचा पाडून घेतल्या. प्रत्येक चौकटीभोवती, प्रत्येक खिडकीभोवती आणि तळाच्या फरशीच्या पट्टीवरून घरभर. मिस्त्रीनं दोनदा काम सोडलं, दोनदा त्याला परत आणलं. मग पेंटर ठरला आणि आबा नाथषष्ठीला पैठणला गेले.

तीन दिवसांनी परतले. अंगठा चौकटीवर ठेवला. अंगठा कुठंच अडला नाही, लोण्यावरून फिरावा तसा भिंतीवर गेला. पेंटर खुशीत होता. "आबा, गिलावा लई फुटला व्हता बघा. समद्या चौकटीच्या कडंनं चिरा. पुट्टी भरून टाकली, एक बी ठेवली न्हाई."

आबा खाली बसले. पट्ट्याला डोकं टेकून. पुट्टीच्या दोन गोण्या जास्तीच्या लागल्या होत्या. तेही पैसे त्यांनी दिले.

पावसाळ्यात लाकूड फुगलं, उन्हाळ्यात आटलं, आणि चौकटींच्या कडेनं पुट्टीला खरोखरीच्या वेड्यावाकड्या चिरा पडल्या. आबांनी घरातल्या एकेकाला धरून त्या दाखवल्या. इतक्या आनंदात मी त्यांना पोळ्यालाही पाहिलेलं नाही.

खाच एकच उरली आहे. लग्नातलं लोखंडी कपाट आधीच आत आणून ठेवलं होतं आणि पेंटरनं ते सरकवायचा कंटाळा केला, त्यामुळं त्याच्यामागं तळाला तीन फूट खाच जशीच्या तशी आहे. 2023 च्या अधिक श्रावणात मी धोंड्याला गेलो होतो. अनारसे खाऊन झाले, ताट उचललं गेलं, तोच आतून हाक आली, "जावईबापू, जरा कपाट धरता का?"

खाच सरळ आहे, यात शंका नाही. पण कपाट कपड्यांसकट सरकवावं लागतं. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर एकटे जाऊ नका.