मांडवातला रुसवा

रागावून निघून जाणाऱ्या माणसाची अपेक्षा तशी माफक असते: आपण गेल्याचं कुणाच्या तरी लक्षात यावं. २०२१च्या जानेवारीत सबंध देश व्हॉट्सॲपवर रागावला, तेव्हा तो राग चारचौघांत सांगायला सगळ्यांना एकच जागा सुचली. व्हॉट्सॲप.

झालं होतं असं, की फोनच्या पडद्यावर एक सूचना उगवली. ८ फेब्रुवारीपर्यंत नव्या अटी मान्य करा, नाहीतर रामराम. फेसबुकने हे ॲप २०१४मध्येच विकत घेतलं होतं. आता आपली माहितीही त्याच्या घरात जाणार, एवढं सगळ्यांना कळलं. बरीचशी माहिती २०१६पासून जातच होती आणि आपसातल्या गप्पा कंपनीला वाचता येत नाहीत, हा तपशील बारीक अक्षरांत राहिला. बारीक अक्षर वाचायला लागणारे डोळे आणि लागणारा धीर माणसाला एकाच वयात मिळत नाहीत, त्याला कोण काय करणार! तशात ७ जानेवारीला इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले आणि लोक त्या प्रतिस्पर्धी ॲपकडे असे धावले, की त्या ॲपशी काडीचाही संबंध नसलेल्या, टेक्सासमधल्या ‘सिग्नल ॲडव्हान्स’ नावाच्या चिमुकल्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. संतापलेल्या माणसाला अर्धं नावही पुरतं.

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी निरोपाचं लांबलचक पत्र टाकलं. त्यात स्वातंत्र्य होतं, स्वाभिमान होता आणि शेवटी सर्वांना आशीर्वाद होते. कित्येकांनी खाली हात जोडले. काकांच्या मागे मात्र कुणी गेलं नाही. सिग्नलवर सगळं ओहोटीच्या किनाऱ्यासारखं स्वच्छ आणि निर्मनुष्य. भेटला तो एकटा भाचा, ज्याच्याशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. दुसरं कुणी नसल्यामुळे दोघे हवापाण्यावर बोलू लागले आणि बोलता बोलता त्यांचं पटायला लागलं. पुढे जुन्या ग्रुपवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो आले, आणि काका तेवढे फोटो बघण्यापुरते परतले. ते अजून बघताहेत.

लग्नात रुसलेला मामा ‘निघतो’ म्हणतो आणि मांडवाच्या दाराशीच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसून राहतो, तसाच हा आपला रुसवा. समजूत घालायला यजमानही आले बरं. १३ जानेवारीला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. अवघं जग पडद्यात कोंबणाऱ्या कंपनीला आपल्या इमानाची ग्वाही द्यायला शेवटी छापील कागद लागला, याचं मला उगाच बरं वाटलं. दोन दिवसांनी मुदतही १५ मेपर्यंत वाढली.

काकांना परत आणलं ते मात्र जाहिरातीने नव्हे. आत्याच्या रोजच्या सुप्रभाताने आणलं, न पाहिलेल्या नातवंडांनी आणलं, आजारपणाच्या बातमीखाली साचणाऱ्या ‘काळजी घ्या’ने आणलं. कंपनीच्या हाती खरं भांडवल आहे ते हेच, आणि ते आपणच हौसेने, एकेकाला आग्रह करून, तिथे नेऊन ठेवलं. असल्या जागेतून एकट्याने उठून जाणं म्हणजे कंपनी सोडणं नव्हे, माणसं सोडणं.

तरीही तो रुसवा फुकट गेला नाही. त्या गदारोळाच्या बातम्या भारतीय स्पर्धा आयोगाने वाचल्या, मार्च २०२१मध्ये स्वतःहून चौकशी मांडली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीलाच, २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. ‘मान्य करा नाहीतर चालू लागा’ ही अट अन्यायाची आहे, असं आयोगाने लिहिलं. काकांनी हेच लिहिलं होतं, फक्त त्यांनी खाली आशीर्वाद जोडले होते. तेव्हा पुढची सूचना उगवेल तेव्हा जरूर रुसा, मोठ्याने रुसा; फक्त त्या रुसव्याची एक प्रत आयोगाच्या पत्त्यावरही धाडा.