वडाखालच्या बाकावरील तज्ज्ञांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय रक्तदाबतज्ज्ञ (पदवीविना),
वडाखालचा बाक, सोसायटीची बाग.



मला बीपीची गोळी लागल्याचं कळल्यापासून आपण रोज सकाळी एक पैसा न घेता माझ्यावर इलाज करत आहात. त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

आपलं पहिलं निदान : डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, तर बीपी कसलं? अडचण एवढीच, की हा आजार आपल्याइतका बोलका नाही. रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे वर्षानुवर्षं मुकाट मार खातात आणि रोग्याला झोप मात्र छान लागते.

दुसरं : ‘आता 120/80 आलंय ना? मग बंद कर, नाहीतर सवय लागेल.’ म्हणजे ब्रेकवर पाय आहे म्हणून गाडी वरंधा घाट शहाण्यासारखी उतरतेय, तर आता पाय काढा! वजन उतरलं, मीठ आवरलं, तर गोळी कमी होतेही कधीकधी. पण ते मोजमापं बघून डॉक्टरांनी ठरवायचं. अॅम्लोडिपिननं माझे घोटे सुजले तेव्हा ‘मी म्हटलंच होतं’ म्हणून आपण बाकावर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलंत. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सूज गेली. ही बातमी बाकावर कुणी विचारली नाही.

मिठाबाबत आपण मला सैंधवाकडे वळवलंत. रंग गुलाबी, दर चढा, आत बहुतेक सगळं तेच सोडियम क्लोराईड. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यायला सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, आणि त्यातच आमटी, भाजी, फरसाण, चहाबरोबरची खारी सगळं आलं. ‘मी पानात वरून मीठ घेत नाही हो,’ असं म्हणत आपण दोन पापड मोडता. पापडातला पापडखारसुद्धा सोडियमचाच असतो. लोणच्याच्या फोडीचं तर बोलायलाच नको.

दुधीचा रस कडू लागला तर जास्त गुणकारी, हे मात्र कृपा करून कुणालाही सांगू नका. कडू दुधी विषारी असतो. त्याच्या रसानं माणसं दगावली आहेत.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगानं त्याची दखल घेतली. पण त्यांनी रोग्यांचे दाब मोजून आकडे मांडले होते. ‘आमच्या मेव्हण्याला गुण आला’ एवढ्यावर लेख छापून येत नसे.

आणि ‘पूर्वी कुठे होतं हे बीपी?’ होतं की! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब 300/190 नोंदला गेला. डॉक्टर दाराशी होते, दाब आटोक्यात आणणारी धड गोळी मात्र तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. माझी औषधाच्या दुकानात मिळते, आणि ती मी घेऊ नये असं आपलं म्हणणं.

आपण स्वतः बीपी कधीच मोजलेलं नाही, हे आपण मोठ्या अभिमानानं सांगता. रविवारी मी मशीन बागेत आणतो. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं, दंड हृदयाच्या पातळीत ठेवायचा. पट्टा फुगत असताना एक शब्दही बोलायचा नाही. हे जरा जड जाईल. पट्टा उघड्या दंडावर बांधतात, तेव्हा सैल बाहीचा सदरा घालून या.

आपला कृपाभिलाषी,
गोळी चालू असलेला एक रहिवासी