सप्तापूर येथे आंतरजालावरून वाहिन्या पाहण्याचा विधी

धारवाडातील सप्तापूरचा चौक ‘सप्तापूर भावी’ म्हणून ओळखला जातो. यातील कानडी ‘भावी’ म्हणजे विहीर, आणि या शब्दाचा मराठी अर्थ वाचकाने तूर्त बाजूस ठेवावा. हे शहर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेथील मराठी कुटुंबांस रोज मालिकेपुरते माघारी आणण्याची शास्त्रोक्त रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. तारेचा त्याग. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत केबलग्राहकावर प्रथम ‘नेटवर्क क्षमता शुल्क’ बसले, म्हणजे पहिल्या १०० वाहिन्या घरापर्यंत आणण्याचे, कर वगळून तेव्हा कमाल १३० रुपये असलेले भाडे. सशुल्क वाहिनीचे मोल त्याउपर. हा जाच टाळण्यासाठी केबल तोडावी, ब्रॉडबँड जोडावे, ‘झी मराठी’साठी झी५, ‘स्टार प्रवाह’साठी जिओहॉटस्टार आणि ‘सोनी मराठी’साठी सोनी लिव्ह यांच्या वर्गण्या भराव्यात, आणि एका बिलातून सुटल्याचे समाधान मानावे. काटकसरी घराने प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’वर सह्याद्री वाहिनी लावावी.

२. ओटीपीची आराधना. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक अंक. तो टीव्हीसमोर बसलेल्या आज्जींकडे न येता वर्गणी भरणाऱ्या पुण्यातील नातवाच्या मोबाइलवर येतो, आणि नातू नेमका तेव्हाच मीटिंगमध्ये असतो.

३. बफरिंगचे मर्म. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते, ॲप त्यांचा थोडा साठा करून मग ते दाखवते, आणि वेग घटला की चित्राची प्रत उतरते किंवा साठा संपून चक्र फिरू लागते. म्हणून वरच्या मजल्यावरील स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी क्लासहून परतून त्याच वायफायवर बसले की मालिकेतील सासूबाईंचा चेहरा चौकोनी होतो, परंतु त्यास स्वभावचित्रण समजू नये.

४. क्रिकेट. याच साठ्यामुळे ॲपवरील थेट सामना सामान्यतः केबलच्या मागे चालतो. गोलंदाज अद्याप धावतच असताना, केबल न तोडलेल्या शेजारघरातून ‘औट!’ अशी आरोळी येते. अशा वेळी शेजाऱ्यास मागचे आणि ॲपधारकास पुढचे कळलेले असते, फलंदाजास मात्र काहीच नाही. बाजूस ठेवलेला ‘भावी’चा मराठी अर्थ वाचकाने येथे उचलून घ्यावा.