पेट्रोलचे वैद्यबुवा

न्यू जर्सीत गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. कायदा १९४९ सालचा. अमेरिकेत इतरत्र माणूस स्वतः नळी धरतो. आम्ही मात्र पुण्यातल्यासारखे काच खाली करून ‘रेग्युलर, फुल’ म्हणतो आणि फोन बघत बसतो. हा कायदा करणाऱ्यांनी आमच्या वैद्यबुवांना एकदा पाहिलं असतं, तर गिऱ्हाइकाला पंपावर तोंड उघडायलाही त्यांनी बंदी घातली असती.

बुवांचं आडनाव वैद्य नव्हे. ते एका औषध कंपनीत संगणकाचं काम बघतात, औषधांशी संबंध तेवढाच. घरात कुणाला ताप आला तर त्यांचा इलाज ठरलेला: ‘पडून राहा, उतरेल.’ मुलगी आठवडाभर खोकत होती तेव्हा ‘हवा बदलतेय’ यापुढे निदान गेलं नाही. पण गॅरेजमध्ये २००४ सालची पांढरी माझदा आरएक्स-८ आहे. ती नुसती शिंकली तरी फडताळ उघडतं. आता आरएक्स ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरची खूण आहे, हे त्या गाडीला नाव देणाऱ्यांच्या मनात नसेलही. बुवांनी ते मनावर घेतलंय. कॉलेजात असताना त्यांच्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती. तेव्हापासूनची ही चिठ्ठी अजून चालूच आहे.

या गाडीचं इंजिन मुळात चारचौघांसारखं नाही. त्यात खालीवर होणारे पिस्टन नाहीत. फुगलेल्या समोशासारखे दोन त्रिकोणी रोटर आपापल्या खोलीत गरगर फिरत असतात. समोशाच्या तिन्ही टोकांना धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या, आणि त्या भिंतीला सतत घासत असतात. पट्टी झिजली की दाब गेला, दाब गेला की इंजिन गेलं. म्हणून इंजिनातलंच थोडं तेल मुद्दाम आत सोडून जाळावं लागतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीने तेल प्यायलं तर मालक छाती पिटतो. बुवांची गाडी तेल पीत नसली तर ते रात्रभर झोपत नाहीत.

या इंजिनाचा इतिहास ते कीर्तनकाराच्या तन्मयतेने सांगतात. फेलिक्स वान्केल या जर्मन माणसाने ते शोधलं, आणि त्या गृहस्थाकडे जन्मभर गाडी चालवायचा परवाना नव्हता. मग हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोटोंनी सत्तेचाळीस इंजिनिअर घेऊन त्यावर ठाण मांडलं. आतल्या भिंतीवर ओरखडे उठायचे, त्यांना ते लोक ‘सैतानाची नखं’ म्हणत. ती नखं काढून १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली, आणि १९९१ साली याच जातीच्या चार रोटरांच्या इंजिनाने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली. इथपर्यंत आले की बुवांचा गळा दाटतो. गेल्या गणेशोत्सवात आरतीसाठी लोक ताटकळले होते आणि बुवा १९९१ सालात होते.

पण त्यांचा खरा प्रांत पेट्रोलचा. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, असं मी एकदा बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुरणपोळीवर केचप मागितला.

“अरे, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, संयम! दाबाखाली जे पेट्रोल आपणहून भडकत नाही, ते वरच्या ऑक्टेनचं.”

“मग तुमच्या गाडीला संयम जास्त लागतो?”

“तिला नाही लागत. टर्बो नाही हिला, तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्हही नाही. सत्त्याऐंशीवरही चालेल. पण पुस्तकात एक्क्याण्णव बरं म्हणून लिहिलंय.”

आणि इथेच सगळं अडतं. आमच्या पंपावर ८७, ८९ आणि ९३ असे तीनच आकडे. ९१ नाही. तुम्ही-आम्ही ९३ भरून घरी गेलो असतो. बुवांच्या मते ९३ म्हणजे दोन अंकांची उधळपट्टी, आणि ८७ म्हणजे हयगय. त्यामुळे ते निम्मं ८९ आणि निम्मं ९३ मागतात. पंपावरचा पंजाबी पोरगा पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा त्याने मालकाला बोलावलं. आता पांढरी गाडी वळताना दिसली की तो आत निघून जातो.

त्यात अनुपान वेगळंच. नुसत्या पेट्रोलने पट्ट्यांना ओलावा कमी पडतो, कंपनी तेल सोडताना हात आखडता घेते, असा बुवांचा ठाम समज. म्हणून टाकीत टू-स्ट्रोकचं तेल घालायचं, गॅलनला अर्धा औंस. लहानपणी वडिलांच्या स्कूटरमध्ये पंपावर लिटरमागे तेल मोजून पडायचं, तीच ही मात्रा. फक्त लिटरचा गॅलन झाला. तेल आधी आणि पेट्रोल मागून, म्हणजे ते नीट कालवलं जातं. बुवा खाली उतरून लहान मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं मापटं उजेडाकडे धरून डोळ्यांच्या रेषेत आणतात, आणि मागे पाच गाड्या भोंगे वाजवत असतात.

“अंकल, इसको क्या बीमारी है?” त्या पोराने एकदा विचारलं.

“बीमारी नहीं है। इसीलिए तो।”

फडताळात इंजेक्टर साफ करणारी बाटली आहे, पाणी शोषणारी आहे, ऑक्टेन वाढवणारी आहे. या शेवटच्या बाटलीवर ‘३० पॉइंट वाढ’ छापलेलं. बुवा खुशीत होते. मग कळलं की दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, एकूण वाढ तीन. शिवाय त्यातल्या मँगनीजमुळे स्पार्क प्लग तांबडे होतात. त्यांनी चारही प्लग काढून पाहिले. तांबडे! आता ती बाटली वर्ज्य आहे, पण टाकून दिलेली नाही. १९९५ पासून इथल्या सगळ्या पेट्रोलमध्ये सफाईचं द्रव्य कायद्यानेच घातलेलं असतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. “ते सरकारी दवाखान्यातलं,” म्हणाले.

पुण्याला गेले तेव्हा पंपावर साध्या पेट्रोलपुढे ९१ पाहून त्यांना भरून आलं. जो आकडा अमेरिकेत भेसळ करून मिळवावा लागतो, तो इथे स्कूटरमध्ये भरतात! भावाने तिथल्या तिथे हवा काढली. भारतातला आकडा वेगळ्या मोजणीचा. अमेरिकेत दोन मोजण्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे भारतातलं ९१ म्हणजे अमेरिकेतलं साधारण ८७. बुवा त्या दिवशी जेवले नाहीत.

गेल्या जानेवारीत बर्फ काढायला जागा हवी म्हणून वहिनींनी गाडी सुरू करून दहा फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली. थंड रोटरी इंजिनाला हे सोसत नाही. आत पेट्रोल साचतं आणि प्लग भिजतात. दुसऱ्या दिवशी ती सुरू होईना. बुवांनी निदान केलं: पंपावर ८९ जास्त पडलं. वहिनी म्हणाल्या, “अहो, ते राहू दे, मेकॅनिकला बोलवा.” चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने प्लग सुकवले आणि चार कॉइल काढून दाखवल्या. सगळ्या पहिल्या मालकाच्या काळातल्या, ठिणगी कशीबशी पडणाऱ्या. वीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

“पेट्रोल?” बुवांनी विचारलं.

“पेट्रोल उत्तम आहे,” मेकॅनिक म्हणाला. “तेलाचा वास मात्र येतोय.”

बुवांनी ते प्रशस्तिपत्र समजून गावभर सांगितलं. कॉइल बदलल्या आहेत, गाडी रोज एकदा मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन आतली काजळी झाडली जाते, आणि मापटं पुन्हा बाहेर निघालं आहे. ओक ट्री रोडच्या बाजूला पेट्रोल भरायला जाणार असाल आणि पुढे पांढरी आरएक्स-८ उभी दिसली, तर कृपा करून दुसरी रांग धरा.